संख्याशास्त्राचे प्राथमिक अध्यापन आणि भोपाळचा आरोग्य अहवाल : एक समीक्षा

महाविद्यालयीन स्तरावर संख्याशास्त्र व अर्थमितीची ओळख करून देताना आपण साधारणपणे नाणेफेक, फासे आणि काल्पनिक गुणपत्रिका यांचा आधार घेतो. विद्यार्थी सूत्र पाठ करतो, सरासरी काढतो. परंतु ही सरासरी नेमकी कोणाची, हा प्रश्न त्याला पडत नाही. भोपाळमधील शिक्षकाजवळ मात्र हाच प्रश्न शिकवण्याजोगा एक दस्तऐवज आहे. २-३ डिसेंबर १९८४ च्या रात्री युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथाइल आयसोसायनेट वायूची गळती झाली. त्यानंतर भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने बाधित लोकांच्या आरोग्याचा दीर्घकालीन अभ्यास हाती घेतला. १९८५ ते १९९४ या कालखंडाचा तांत्रिक अहवाल २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रस्तुत लेखात त्या अहवालाचा विचार अध्यापनाचे साधन म्हणून केला आहे.

समष्टी, नमुना आणि भार

शहराच्या ५६ प्रभागांपैकी ३६ प्रभाग वायुबाधित ठरवण्यात आले. अहवालानुसार तेथील लोकसंख्या ५,२१,२६२ होती. पैकी तीव्र बाधित भागात ३२,४७६, मध्यम बाधित भागात ७१,९१७ आणि सौम्य बाधित भागात ४,१६,८६९ लोक राहत होते. अभ्यासासाठी या तीन भागांतून अनुक्रमे २६,३८२, ३४,९६४ व १८,६७५ अशा एकूण ८०,०२१ व्यक्तींची नोंद झाली. तुलनेसाठी अबाधित भागातील १५,९३१ व्यक्ती घेण्यात आल्या.

हे आकडे फळ्यावर लिहून विद्यार्थ्यांना फक्त टक्केवारी काढायला सांगावे. तीव्र भागातील सुमारे ८१ टक्के लोक नमुन्यात आले, सौम्य भागातील जेमतेम साडेचार टक्के. बाधित लोकसंख्येत सौम्य भागाचा वाटा ८० टक्के आहे. नमुन्यात तो २३ टक्क्यांवर येतो. यात गैर काही नाही. स्तरित नमुना निवडीत लहान पण महत्त्वाच्या स्तरातून जास्त व्यक्ती घेणे रास्तच असते. अहवालातही प्रत्येक भागाचे दर वेगवेगळे दिले आहेत. चूक होते ती वाचणाऱ्याकडून, सगळे आकडे एकत्र करून एकच सरासरी काढताना.

वर्गासाठी एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, एखाद्या विकाराचे प्रमाण तीव्र भागात ४०, मध्यम भागात ३० आणि सौम्य भागात १० टक्के आहे. नमुन्याची साधी सरासरी २८.६ टक्के येईल. लोकसंख्येचा भार दिला की तीच १४.६ टक्के होते. आता विद्यार्थ्यांनी रुग्णांची संख्या काढावी. तीव्र भागात सुमारे १३,०००, तर सौम्य भागात सुमारे ४१,७०० रुग्ण निघतात. ज्या भागाला आपण 'सौम्य' म्हणतो, तिथेच रुग्ण सर्वाधिक! दर आणि संख्या यांतील भेद इतक्या स्पष्टपणे शिकवणारे उदाहरण पुस्तकात क्वचितच सापडेल.

वर्गीकरणाचा प्रश्न

अहवालाची खरी मर्यादा मात्र वर्गीकरणात आहे. त्या रात्री वस्त्यावस्त्यांतील वायूचे प्रमाण मोजलेले नव्हते. त्यामुळे दुर्घटनेनंतरच्या पहिल्या काही दिवसांतील मृत्यूंच्या प्रमाणावरून भाग तीव्र, मध्यम आणि सौम्य ठरवले गेले. म्हणजे कारणाचे मोजमाप परिणामावरून झाले. अर्थमितीत स्वतंत्र चल हा परतंत्र चलापासून अलग असावा, अशी अपेक्षा असते. येथे भागाचा डमी चल घेऊन मृत्यूंचे स्पष्टीकरण करू गेल्यास संबंधाचा काही अंश व्याख्येतूनच आलेला असेल. शिवाय एकाच मोहल्ल्यात कोणी दारे लावून घरात राहिला, कोणी रस्त्यावर धावला. भागाची खूण ही व्यक्तीने श्वासावाटे घेतलेली मात्रा नव्हे.

दुसरा मुद्दा तुलनेचा. कारखान्याभोवती गरीब वस्त्या होत्या. अबाधित भागाची आर्थिक स्थिती, घरे आणि व्यवसाय तसेच होते असे गृहीत धरता येत नाही. उत्पन्न, वय, धूम्रपान हे चल समीकरणाबाहेर राहिले, तर गरिबीचा परिणाम वायूच्या नावावर जमा होऊ शकतो. 'वगळलेला चल' ही संकल्पना विद्यार्थ्याला येथे सहज कळते. चार गटांसाठी तीनच डमी चल का घ्यायचे, हेही याच उदाहरणाने सांगता येते: अबाधित भाग हा तुलनेचा पाया ठरतो.

आकड्यांचे मोल

हा केवळ गणिताचा खेळ नाही. फेब्रुवारी १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरची तडजोड झाली. त्या वेळी सुमारे ३,००० मृत आणि सुमारे एक लाख जखमी गृहीत धरले होते. पुढे दावे तपासले गेले, तेव्हा भरपाईस पात्र ठरलेल्यांची संख्या साडेपाच लाखांहून अधिक झाली. त्यांतील बहुसंख्य किरकोळ इजा या वर्गातील होते. मोठ्या स्तराचा लहान दर दुर्लक्षित केला की काय घडते, हे यावरून दिसते. वाढीव भरपाईसाठी केंद्र सरकारने केलेली याचिका सर्वोच्च न्यायालयाने १४ मार्च २०२३ रोजी फेटाळली. १९९४ मध्ये संपलेल्या अभ्यासाचा अहवाल दहा वर्षांनी आला. तोवर बहुतेक दाव्यांचे निवाडे होऊन गेले होते, ही बाब समीक्षकाने नोंदवलीच पाहिजे.

समारोप

मर्यादा असूनही हा अहवाल मोलाचा आहे, कारण आपली समष्टी, नमुना आणि वर्गीकरण त्याने उघडपणे मांडले आहे. म्हणूनच त्याचे परीक्षण करता येते. प्राध्यापकांनी पहिल्या तासाला सूत्राआधी तीन प्रश्न द्यावेत: हे आकडे कोणाच्या वतीने बोलतात? गट कशावरून पाडले? तुलना कोणाशी केली? प्रमाण विचलन दुसऱ्या तासाला शिकवले तरी चालेल.