विंगेतला आवाज : जिमी रीडची गाणी ऐकताना

जिमी रीडची दहा गाणी सलग लावली, तर पाचव्या गाण्यापाशी तुम्ही फोन उचलून बघाल, की चुकून मघाचंच गाणं पुन्हा लागलंय का. तोच संथ झुलता ठेका, गिटारच्या खालच्या तारांवरची तीच डुगडुग, तोच अर्धवट झोपेत असल्यासारखा आवाज आणि ओळ संपली की वरच्या पट्टीत चिरकत येणारा माउथ ऑर्गन. त्याच काळातल्या शिकागोच्या ब्लूजमध्ये मडी वॉटर्सचा दरारा होता, हाउलिन वुल्फचा अंगावर येणारा गळा होता, लिटल वॉल्टरची माउथ ऑर्गनवरची अफाट तयारी होती. रीडकडे यातलं काहीच नाही. तरीही 1957 ते 1963 या काळात त्याची दहाच्या आसपास गाणी अमेरिकेच्या पॉप चार्टवर पोहोचली. त्या बाकीच्या दिग्गजांना त्या यादीत जेमतेम जागा मिळत होती.

असं का झालं, याचं ठरलेलं उत्तर म्हणजे ‘त्याचं संगीत सोपं आहे’. रीडवरचं जवळपास सगळं कौतुक या एका शब्दाभोवती फिरतं, आणि माझं भांडण त्या शब्दाशी आहे. ‘सोपं’ म्हटलं की चौकशी तिथेच थांबते. हे सोपं कोणी केलं, कशाने केलं, त्यासाठी कोण राबलं, हे विचारायचं राहून जातं.

आधी थोडक्यात माणूस. जिमी रीडचा जन्म 6 सप्टेंबर 1925 चा, मिसिसिपी राज्यातल्या डनलीथचा. गिटार आणि माउथ ऑर्गन त्याला तिथेच एडी टेलर या मित्राने शिकवलं. टेलर त्याच्याहून दोन-अडीच वर्षांनी मोठा. पुढे रीड शिकागोला गेला, दुसऱ्या महायुद्धात नौदलात भरती झाला, आणि युद्ध संपल्यावर इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलाद कारखान्यांच्या गावाजवळ स्थिरावला. आर्मर कंपनीच्या मांस पॅक करण्याच्या कारखान्यात त्याने नोकरी केली. ब्लूजचा बडा लेबल म्हणजे चेस. तिथे त्याला नकार मिळाला. 1953 मध्ये व्हिव्हियन कार्टर ही रेडिओवरची निवेदिका आणि जेम्स ब्रॅकन या जोडीने गॅरीमध्येच व्ही-जे रेकॉर्ड्स सुरू केलं. कृष्णवर्णीयांच्या मालकीच्या त्या कंपनीच्या अगदी सुरुवातीच्या कलाकारांत रीड होता. 1955 मध्ये ‘यू डोन्ट हॅव टू गो’ चाललं आणि पुढची आठ-दहा वर्षं तो थांबला नाही.

आता ती डुगडुग. गिटार हातात घेतलेल्या कोणालाही ती दहा मिनिटांत येते. सगळ्यात जाड तार मोकळी सोडायची. शेजारच्या तारेवर दुसऱ्या पडद्यावर बोट, मग चौथ्या, परत दुसऱ्या. झालं. पण एका मात्रेचे तीन भाग करा, पहिले दोन जोडून वाजवा, तिसरा सुटा ठेवा, आणि हे तीन मिनिटं इतक्या संथ लयीत करा की पुढे पळायचा मोह प्रत्येक मात्रेला होईल. मग कळतं की बोटांचा प्रश्न दहा मिनिटांत सुटला, पण खरी अडचण संयमाची आहे. रीडच्या बहुतेक महत्त्वाच्या रेकॉर्डवर हा संयम राखणारा माणूस एडी टेलर आहे. हेडफोन लावून गाण्याच्या तळाशी कान द्या. आवाज सैलावतो, माउथ ऑर्गन कधीकधी भरकटतो, पण खालची गिटार तसूभर हलत नाही. वर गाणारा बिनधास्त रेंगाळू शकतो, कारण तबलजीने ठेका धरून ठेवावा तसा टेलर खाली बसलेला आहे. त्याच्या नावावर स्वतःच्या रेकॉर्ड्सही आहेत. ‘बिगटाउन प्लेबॉय’ ऐका, त्यात धार आहे, तयारी आहे. पण शिष्याला मिळालेल्या प्रसिद्धीच्या जवळपासही गुरू कधी पोहोचला नाही.

रीडचं स्वतःचं वादनही ‘सोपं’ या खात्यात टाकून मोकळं होता येत नाही. बारा खंडांच्या ब्लूजमध्ये नवव्या खंडाला पाचव्या स्वरावरचा कॉर्ड येतो. बाकीचे तिथे बोटं नीट आडवी रोवून तो पूर्ण वाजवतात. रीड तेवढे कष्ट घेत नाही. एक मोकळी तार खाली गुंजत ठेवतो आणि तिच्यावर एक न जुळणारा स्वर सोडतो. कीथ रिचर्ड्सने ‘लाइफ’ या आत्मचरित्रात या आळशी क्लृप्तीवर अगदी प्रेमाने लिहिलंय. त्या किंचित न जुळण्यातून जो उदासपणा येतो, तो नीट वाजवलेल्या कॉर्डमधून येत नाही. आळस म्हणा हवं तर. पण दर वेळी बरोबर त्याच जागी येणाऱ्या आळसाला मी शैली म्हणेन.

माउथ ऑर्गनचंही असंच. ब्लूज वाजवणारे बहुतेक जण दहा छिद्रांचा हा बाजा त्याच्या मूळ पट्टीत वाजवत नाहीत. ‘सी’चा बाजा घेऊन ते ‘जी’मध्ये वाजवतात, म्हणजे खालच्या छिद्रांतून श्वास आत ओढताना स्वर मींडेसारखा खाली वाकवता येतो. लिटल वॉल्टर हे करताना बाजा आणि माइक दोन्ही तळहातांत कोंडून धरायचा. त्यातून सॅक्सोफोनसारखा जाडजूड आवाज निघायचा. रीडला ती सोय नव्हती. त्याचे दोन्ही हात गिटारवर, आणि बाजा गळ्यात अडकवलेल्या तारेच्या चौकटीत. म्हणून तो बऱ्याचदा उलट्या टोकाला गेला. बाजाच्या मूळ पट्टीतच, सगळ्यात वरच्या छिद्रांत, बाहेर फुंकताना स्वर वाकवायचे. 1957 च्या ‘ऑनेस्ट आय डू’मध्ये हे स्वच्छ ऐकू येतं. तो आवाज बारीक आहे, उघडा आहे, केविलवाणाही आहे. हात बांधलेल्या माणसाने काढलेली ही वाट आहे. ती त्याच्या नावाशी इतकी जोडली गेली, की आज कोणी वरच्या छिद्रांत ब्लूज वाजवला की जाणकारांना आधी रीड आठवतो.

आणि आता तो तिसरा आवाज, ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

रीडला शब्द आठवायचे नाहीत. म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी त्याची बायको मेरी, जिला सगळे मामा रीड म्हणत, त्याच्या शेजारी बसायची आणि पुढची ओळ त्याच्या कानात सांगायची. काही रेकॉर्डिंग्जमध्ये तिची कुजबुज चक्क ऐकू येते. आपल्याकडे नाटकात विंगेतला प्रॉम्प्टर प्रेक्षकांना ऐकू गेला की फजिती होते. इथे ती फजिती तबकडीवर कोरली गेली, लाखो घरांत वाजली, आणि गाणी त्याने बिघडली नाहीत. ‘बेबी व्हॉट यू वॉन्ट मी टू डू’, ‘बिग बॉस मॅन’ आणि ‘ब्राइट लाइट्स, बिग सिटी’ या त्याच्या तीन सर्वांत प्रसिद्ध गाण्यांत ती सोबत गायलीसुद्धा आहे. श्रेयनामावलीत तिचं नाव नव्हतं.

हा किस्सा नेहमी हसत सांगितला जातो: बघा, इतका प्यायचा की शब्दही बायकोने सांगायचे. रीड प्यायचा हे खरंच आहे, आणि त्याने त्याचं आयुष्य पोखरलं. पण त्याला अपस्माराचा आजारही होता. तो 1957 मध्ये सुरू झाला, पण बराच काळ त्याचं नेमकं निदान झालं नाही, आणि झटके दारूमुळेच येतात असं लोक धरून चालले होते. म्हणजे ज्या सैल, अडखळत्या आवाजाला आपण ‘काय निवांत गातो’ म्हणून दाद देतो, त्यामागे एक आजारी माणूस आहे आणि त्याला गाण्याच्या शेवटापर्यंत पोहोचवणारी एक बाई आहे. हे कळल्यावर गाणं ऐकणं बंद करावं असं मला वाटत नाही. आजाराचा चटकदार मसाला करू नये, आणि कुजबुज ऐकू आली की हसण्याआधी ती कोणाची आहे हे लक्षात घ्यावं, एवढंच.

मी कोड लिहून पोट भरतो. आमच्याकडे प्रत्येक ओळीपुढे ती कोणी लिहिली, कधी बदलली याची नोंद राहते. दोन वर्षांनीही काढून बघता येते. रेकॉर्डच्या लेबलवर तशी सोय नसते. तिथे ठळक नाव एकच मावतं. ‘बिग बॉस मॅन’ हे मालकाला सुनावणाऱ्या कामगाराचं गाणं. कारखान्यात राबलेल्या रीडच्या तोंडी ते इतकं शोभतं, की ते त्याचंच वाटतं. प्रत्यक्षात गीतकार म्हणून नावं आहेत ल्यूथर डिक्सन आणि रीडचा मॅनेजर अल स्मिथ यांची. कागदावरचं नाव आणि कानाला ऐकू येणारी माणसं यांचा मेळ असा क्वचितच बसतो.

सगळंच थोर आहे असंही नाही. चाळीस-चाळीस गाण्यांचे संग्रह एका बैठकीत ऐकवत नाहीत. 1961 चा ‘जिमी रीड ॲट कार्नेगी हॉल’ हा दुहेरी अल्बम नावाने फसवतो. तो मैफलीचं ध्वनिमुद्रण नसून स्टुडिओतच केलेला आहे. 1966 मध्ये व्ही-जे बुडाली आणि त्यानंतरच्या रेकॉर्ड्स उतरत गेल्या. काळाबरोबर राहण्यासाठी त्याच्या गाण्यांना फंकचे ठेके आणि वा-वा पेडल जोडून बघितलं गेलं. ते ऐकताना अवघडल्यासारखं होतं. गाणारा तोच असूनही घर सुनं वाटतं, आणि ‘सोपं’ म्हणजे काय होतं ते नेमकं इथे कळतं. ते एकट्याचं असतं, तर कोणत्याही साथीत टिकलं असतं.

29 ऑगस्ट 1976 रोजी, एक्कावन्न पूर्ण व्हायला आठ दिवस असताना, कॅलिफोर्नियातल्या ओकलंडमध्ये रीड गेला. तोवर रोलिंग स्टोन्सनी त्याचं ‘ऑनेस्ट आय डू’ पहिल्याच अल्बममध्ये घेतलं होतं, आणि एल्विस प्रेस्लीने 1968 च्या टीव्ही कार्यक्रमात ‘बेबी व्हॉट यू वॉन्ट मी टू डू’ गायलं होतं. दोघांची तयारी दांडगी आहे. पण एल्विसचं ऐकताना मला प्रत्येक वेळी जाणवतं, की त्याला पुढची ओळ पाठ आहे.

सुरुवात करायची असेल तर ‘ब्राइट लाइट्स, बिग सिटी’पासून करा. शहराच्या झगमगाटात हरवलेल्या बाईबद्दलची एका पुरुषाची ही तक्रार. पहिल्यांदा फक्त रीडचा आवाज ऐका. दुसऱ्यांदा तळाची लय. तिसऱ्यांदा त्याच्या आवाजाला चिकटून चालणारा तो दुसरा, बाईचा आवाज. तक्रार बाईबद्दलची आहे, आणि ती पुरी करायला बाईच सोबत गाते आहे. मघाशी एकाच माणसाचं वाटणारं गाणं मग तसं ऐकू येत नाही.