आंगरे घराण्यांतील औरस-अनौरसांचा प्रश्न

इ. स. १७१३ च्या तहांत बाळाजी विश्वनाथांनीं कान्होजी आंगऱ्यांकडे जे दहा मोठे किल्ले राखिले, त्यांत जयगड होता. कान्होजी १७२९ त वारले. ग्रँट डफच्या मतें त्यांचे सेखोजी व संभाजी हे दोघेच पुत्र औरस. तुळाजी, मानाजी व येसाजी हे अनौरस. उलटपक्षीं, घराण्याची परंपरा या तिघांच्या मातांस विवाहित स्त्रियाच मानते. पुरावा कोणत्या बाजूस आहे, हें तपासणें अवश्य आहे.

डफचा ग्रंथ १८२६ चा. म्हणजे कान्होजींच्या मृत्यूनंतर सत्त्याण्णव वर्षांनीं छापलेला. मध्यंतरीं, १७३३ त सेखोजी वारल्यावर, संभाजी व मानाजी यांचें वैर माजलें आणि १७३५ त बाजीरावांनीं दौलत विभागली. अशा भाऊबंदकींत प्रतिपक्षाच्या जन्मास दूषण देणें नवें नव्हे. तें दूषण पुढें इतिहास म्हणून नोंदलें जाणें सहज शक्य आहे.

परंतु उलट बाजूचा युक्तिवादहि निर्दोष नाहीं. मानाजीस वजारतमाआब व तुळाजीस सरखेली मिळाली, एवढ्यानें ते औरस ठरत नाहींत. पद सनदेनें व मनगटाच्या जोरानें मिळतें. धर्मशास्त्रानेंहि कांहीं प्रसंगीं दासीपुत्रास वांटा सांगितला आहे. कुलाब्याचे दुसरे रघूजी मानाजीचेच वंशज. त्यांच्याशीं कंपनी सरकारनें १८२२ त तह केला. आणि ते व त्यांचा मरणोत्तर जन्मलेला पुत्र वारल्यावर, दत्तक नाकारून, १८४० त संस्थान खालसा केलें. जन्माचा निर्णय राजकीय मान्यतेवरून करूं नये, हाच यांतील बोध.

इंग्लंडांतील नॉर्मन सरदार विल्यम द वॉरेन याची पत्नी गुंद्रादा ही विल्यम राजाची कन्या, असें बहुत काळ मानीत. पहिल्या हेन्री राजाची कन्या गुंद्रादेच्या पुत्रास देण्याचें घाटत असतां, धर्माध्यक्ष अँसेल्म यानें उभयतांचें नातें एका बाजूनें चौथ्या व दुसरीनें सहाव्या पिढीचें म्हणून विवाहास हरकत घेतली. गुंद्रादा राजकन्या असती तर वधूवर सख्खीं आते-मामे भावंडें ठरतीं, व हरकत त्याच जवळच्या नात्याची येती. वंशावळ सिद्ध करण्याचा हेतु नसलेलें हें समकालीन पत्रच निर्णायक ठरलें.

आंगऱ्यांविषयीं असाच कागद हवा: लग्नखर्चाची याद, उपाध्यायाची वही, स्त्रियांचीं पत्रें. संग्राहकांनीं हीं किरकोळ म्हणून टाकूं नयेत. तोंवर संभाजीचे हे ‘सापत्न बंधु’ एवढेंच लिहावें. तें दोन्ही पक्षांस मान्य आहे. ‘अनौरस’ हा शब्द डफच्या नांवावर घालूनच वापरावा. संभाजीमागून तुळाजी दक्षिणेच्या आरमाराचे धनी झाले व १७५५-५६ च्या मोहिमेंत जयगडासुद्धां सर्व गमावून बसले, हा इतिहास त्यांच्या मातेच्या निर्णयावांचूनहि पुरता सांगतां येतो.