औषधक्रम आणि ‘उपशम’ ही संज्ञा

तीव्र नैराश्यावरील औषधयोजना ठरावीक क्रमाने व्हावी, हा विचार अमेरिकेत विसाव्या शतकाच्या अखेरीस दृढ झाला. टेक्सास राज्यातील औषधक्रम-प्रकल्प हे त्याचे ठळक उदाहरण होय. मात्रा पुरेशी होण्यापूर्वीच औषध बदलणे किंवा गुण नसताही तेच चालू ठेवणे, या दोन्ही दोषांना अशा क्रमाने आळा बसतो. प्रकल्पातील रुग्णांना नेहमीच्या उपचारांहून अधिक गुण आल्याचे २००४ साली प्रसिद्ध झाले. या पद्धतीचे हे श्रेय निर्विवाद आहे.

परंतु प्रत्येक पायरीवर थांबावे की पुढे जावे, हे एका संज्ञेवरून ठरते. लक्षणांचे गुण निम्म्याने घटले की तो ‘प्रतिसाद’. लक्षणे जवळजवळ नाहीशी झाली की तो ‘उपशम’. मॅक्स हॅमिल्टन यांनी १९६० साली मांडलेल्या मापनश्रेणीच्या सतरा-कलमी रूपावर सात वा त्याहून कमी गुण, हा उपशमाचा रूढ अर्थ होय.

या अर्थाची कसोटी ‘स्टार-डी’ या अमेरिकी संशोधनात लागली. त्यात ४,०४१ रुग्ण होते. सायटॅलोप्रॅमपासून आरंभ करून चार पायऱ्या योजिल्या होत्या. चारही पायऱ्या मिळून शेकडा ६७ रुग्णांना उपशम लाभतो, असा निष्कर्ष २००६ साली मांडला गेला. मात्र मूळ योजनेत हॅमिल्टन श्रेणी प्रमुख असता, येथे रुग्णाने स्वतः भरलेली प्रश्नावली प्रमाण मानली होती. शिवाय मध्येच उपचार सोडणाऱ्यांनाही इतरांइतकाच गुण आला असता, असे गृहीत धरले होते. मूळ योजनेचे निकष लावून २०२३ साली झालेल्या फेरतपासणीत हे प्रमाण शेकडा ३५ भरले. मूळ संशोधकांनी तिच्या पद्धतीवर आक्षेप घेतले असून वाद मिटलेला नाही.

हा भेद केवळ आकड्यांचा नव्हे. पहिला आकडा मानला, तर चार पायऱ्यांनंतरही बरा न झालेला रुग्ण अपवाद ठरतो. दुसरा मानला, तर तोच बहुसंख्यांपैकी एक होतो. पुरेशा मात्रेतील दोन औषधे निष्फळ ठरली की ‘उपचार-प्रतिरोधक’ हे विशेषण लागते. हे विशेषण औषधाचे अपयश व्याकरणाच्या वाटेने रुग्णाच्या व्याधीवर ढकलते. पहिल्या आकड्याच्या छायेत तर ते अधिकच कठोर वाटते. म्हणून उपशमाचा आकडा देताना मापनश्रेणी कोणती, गुण कोणी नोंदविले आणि उपचार सोडून गेलेल्यांची गणना कशी केली, हे मार्गदर्शिकेने त्याच वाक्यात सांगणे अगत्याचे आहे. संज्ञा अस्थिर असेल, तर तिच्यावर रचलेला क्रम कितीही काटेकोर असला तरी रुग्णाला त्याचा भरवसा देता येत नाही.