व्याधी, वस्तू आणि श्रद्धा : अनंतमूर्ती व कार्नाड

दीर्घ दुखणे घरात वस्तीला आले की दिवसाची विभागणी दोन वेळापत्रकांत होते. एकीकडे औषधाच्या वेळा, दुसरीकडे अंगारा, गंडा, ताईत आणि नवसाचे वार. मराठी संतसाहित्याने या दुसऱ्या वेळापत्रकाची कठोर चिकित्सा केली आहे. ज्ञानेश्वरीच्या तेराव्या अध्यायात अज्ञानाची लक्षणे सांगताना एका दैवताकडून दुसऱ्याकडे धावणाऱ्या भक्ताचे चित्र येते; दासबोधाच्या तिसऱ्या दशकात आध्यात्मिक तापाच्या निमित्ताने शरीराच्या रोगांची दीर्घ यादीच येते. परंतु व्याधी, पवित्र वस्तू आणि माणूस यांतील गुंतागुंत आधुनिक काळात समजून घ्यावयाची असेल, तर मराठी वाचकाने शेजारच्या कन्नडकडे वळणे इष्ट ठरेल. यू. आर. अनंतमूर्ती (१९३२-२०१४) आणि गिरीश कार्नाड (१९३८-२०१९) या दोघांचेही अखेरचे पर्व बेंगळुरूत, दीर्घ आजाराच्या सोबतीने गेले.

अनंतमूर्तींच्या ‘संस्कार’ (१९६५) या कादंबरीतील प्राणेशाचार्यांची दिनचर्या रुग्ण पत्नीच्या शुश्रूषेने बांधलेली आहे. तिला स्नान घालणे, भरविणे, औषध देणे हा क्रम वर्षानुवर्षे चुकत नाही. परंतु या सेवेत एक सूक्ष्म हिशेबही आहे. भागीरथीचे दुखणे हे आचार्यांच्या मोक्षाचे साधन बनले आहे. किंबहुना ती व्याधी हाच त्यांचा ताईत आहे. अग्रहारात प्लेग शिरतो, नारणप्पाच्या प्रेताचा प्रश्न उभा राहतो, ग्रंथ निरुत्तर होतात आणि मारुतीच्या मूर्तीकडे मागितलेला फुलाचा कौलही मिळत नाही, तेव्हा हे संरक्षण गळून पडते. उरतो तो निर्णयाचे ओझे स्वतः वाहणारा माणूस.

‘भारतीपुर’ (१९७३) मध्ये हाच प्रश्न उलट दिशेने येतो. जगन्नाथ देवघरातील शाळिग्राम अंगणात आणतो आणि दलितांनी त्याला स्पर्श करावा असा आग्रह धरतो. हा केवळ दगड आहे हे त्याला सिद्ध करावयाचे असते. प्रत्यक्षात त्याच्या अट्टहासानेच त्या दगडाला भयंकर सामर्थ्य येते. भेदरलेल्या माणसांपुढे उभा असलेला हा सुधारक क्षणभर क्रूर होतो. श्रद्धेची वस्तू हिसकावून घेतल्याने भय नाहीसे होत नाही, हे या प्रसंगाचे मर्म होय.

कार्नाडांच्या ‘नागमंडल’ नाटकात आंधळी कुरुडव्वा राणीला वशीकरणाची मुळी देते. ही मुळी जिच्या हाती पडते तिला नवऱ्याने घरात कोंडून ठेवलेले आहे. दुसरा कोणताही उपाय तिच्या हाताशी नाही. रंगमंचावर मुळीला हसणे सोपे होते. नाटककार हसत नाही. मुळी घातलेली आमटी वारुळावर ओतली जाते, भलत्याच जीवावर तिचा प्रभाव पडतो आणि अखेर नागदिव्यातून पार पडलेल्या राणीलाच गाव देवी ठरविते. तिच्यावरील अन्यायाचा प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

येथे दोन्ही लेखक एका बिंदूपाशी येतात. निर्जीव वस्तूला सजीव मानणे हा भाबडेपणा असेल. जित्या माणसाची पवित्र वस्तू करणे हे अधिक गंभीर पाप आहे. भागीरथी पुण्याचे साधन होते, राणी पूजेची मूर्ती होते. दोघींचे दुःख त्यामुळे ऐकू येईनासे होते. या लेखनाची मर्यादाही येथेच दिसते : भागीरथीचे स्वतःचे मन ‘संस्कार’मध्ये फारसे उलगडत नाही. शुश्रूषा करणाऱ्याचे आत्मसंशोधन कादंबरीला दिसते, अंथरुणावरून दिसणारे जग दिसत नाही.

१९७० साली ‘संस्कार’वर आलेल्या चित्रपटात प्राणेशाचार्यांची भूमिका कार्नाडांनीच केली होती. पुढे ५ सप्टेंबर २०१८ रोजी, गौरी लंकेश यांच्या हत्येला एक वर्ष झाले त्या दिवशी, ते बेंगळुरूतील सभेला नाकात प्राणवायूची नळी आणि गळ्यात निषेधाची पाटी अडकवून आले. ताईत वस्त्राआड बांधला जातो आणि बांधणाऱ्याचे रक्षण करतो. ही पाटी उघड्यावर होती आणि धारण करणाऱ्याला धोक्यात घालणारी होती. या वाङ्मयाने व्याधिग्रस्त माणसाचा ताईत तोडण्याचा आग्रह धरलेला नाही. त्याला ताईताची गरज कोणी व का निर्माण केली, हे विचारण्याचे धैर्य मात्र त्याने दिले आहे.