कारखाना कथेत कधी येणार?

पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. मागोमाग टेल्को, बजाज, भोसरीची एमआयडीसी आणि अलीकडे चाकणचे मोटार कारखाने आले. कामगारांच्या दोन पिढ्या इथे निवृत्त झाल्या. २०१६ साली ८९वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनही पिंपरीत भरले. तरी या पट्ट्याची म्हणावी अशी कादंबरी कोणती, या प्रश्नाला चटकन उत्तर सुचत नाही.

मुंबईच्या गिरणगावाचे तसे नाही. मामा वरेरकरांच्या ‘धावता धोटा’पासून जयंत पवारांच्या ‘अधांतर’ नाटकापर्यंत गिरणी मराठी साहित्यात नांदली. पवारांच्या कथासंग्रहाला २०१२ साली साहित्य अकादमी पुरस्कारही मिळाला. तिथे चाळ होती, शेजार होता, आणि १९८२च्या गिरणी संपाने सगळ्यांच्या आयुष्याचे एकदमच दोन तुकडे केले. पिंपरी-चाकणचा कामगार मात्र विखुरलेला. परमनंट आणि कंत्राटी यांचे जेवणाचे टेबल एक असले तरी उद्याची काळजी वेगळी. मराठवाड्याचा पोरगा बिहारच्या पोरासोबत खोली वाटून घेतो आणि कामावरून ब्रेक मिळाला की दोघेही नवा ठेकेदार शोधतात. कथेला लागणारा सलग सहवासच मिळत नाही.

लिहिणाऱ्याची अडचण वेळेची आहेच. दर आठवड्याला पाळी बदलते, त्यामुळे झोपेची घडी बसत नाही, मग लिहिण्याची कुठून बसणार? दिवाळी अंकाच्या मानधनावर घरभाडे भागत नाही, म्हणून नोकरी सुटत नाही. पण त्याहून अवघड प्रश्न कलेचा आहे. लाईनवरचा माणूस तोच नट, तसाच, पाळीभर आवळत असतो. काही घडतच नसेल तर कथानक कशातून उभे करायचे? बरेच लेखक इथेच थबकतात आणि अपघात, संप किंवा पगारकपात आणून गोष्ट पुढे रेटतात. मग नाट्य मिळते, पण काम निसटते. टार्गेट वाढल्यावर हाताचा बदललेला वेग, शेजारच्या मशीनच्या आवाजावरून ओळखलेला बिघाड, सुपरवायझर येताना तुटलेले बोलणे: कथा या तपशिलांत आहे.

या भागातले अनेक चांगले कथाकार कारखान्यात राबतात आणि कथेत मात्र मागे सोडलेले गाव लिहितात. ती ओढ खोटी नाही. पण ज्या जागी आयुष्याची तीस वर्षे जातात, ती जागा लिहिण्याजोगी नाही, असा समज त्यातून पक्का होतो. तो मोडायला हवा. संपादकांनी अशा कथा मागून घ्याव्यात, महापालिकेच्या वाचनालयांनी पाळीच्या वेळा पाहून लेखन-वाचनाच्या बैठका ठेवाव्यात. आणि लेखकाने आपल्या कामाकडे साहित्याचा ऐवज म्हणून पाहावे; कारण ते काम आतून ठाऊक असलेला माणूस तोच आहे, त्याच्यावाचून ते दुसऱ्या कुणाला लिहिता येणार नाही.