विजेच्या तारा आणि राज्यांच्या सीमा

वीज अभियंत्यानें पाहावी, बिल गृहस्थानें भरावें आणि वाचकानें दिवा लागला कीं पुस्तक उघडावें, अशी आपल्याकडे कामांची वांटणी ठरून गेली आहे. सुनीला काळे यांचा ‘इलेक्ट्रिफाइंग इंडिया’ (स्टॅनफर्ड विद्यापीठ, २०१४) हा इंग्रजी ग्रंथ ही वांटणी मोडतो, आणि म्हणूनच त्याचा परामर्श येथें घ्यावासा वाटतो.

महाराष्ट्र, ओरिसा व आंध्र या तीन राज्यांच्या इतिहासावरून लेखिकेनें असें प्रतिपादन केलें आहे कीं, तार कोठवर जावयाची हें केवळ पैशानें किंवा यंत्रानें ठरलें नाहीं. राज्यांत ज्या वर्गाचें वजन होतें त्याच्या गरजेनें तें ठरलें. आपल्याकडे ऊस पिकविणारा व सहकारी कारखाने चालविणारा बागायतदार बलवान, म्हणून तार विहिरीपर्यंत आली. ओरिसांत तसा वर्ग दुबळा, म्हणून ती खाणी-कारखान्यांपाशींच थबकली. हें विवेचन मार्मिक आहे व पुराव्यांनिशीं केलेलें आहे.

परंतु राज्य हेंच एकक धरल्यामुळें एक अडचण उद्भवते. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यांत होता. त्याचा सख्खा शेजारी तेलंगण आंध्रांत गेला आणि मराठवाडा मुंबई राज्यांत. तेव्हां नांदेडच्या वाचकानें आपला पूर्वेतिहास कोणत्या प्रकरणांत शोधावा? दांडेकर समितीनें १९८४ सालीं प्रादेशिक अनुशेष मोजला, त्यांत ग्रामीण विद्युतीकरण हीहि एक बाब होती. बागायतदाराची सत्ता असलेल्या राज्यांतहि ती सत्ता सर्वत्र सारखी पोंचली नव्हती, एवढें त्यावरून दिसतें. अर्थात् येथें केवळ अन्यायाचें गाऱ्हाणें गाऊनहि भागत नाहीं. शंकरराव चव्हाण, शिवाजीराव पाटील निलंगेकर, विलासराव देशमुख व अशोक चव्हाण असे चार मुख्यमंत्री याच दोन जिल्ह्यांनीं दिले; वीज मंडळाचें विभाजन होऊन २००५ सालीं ‘महावितरण’ निघाली तीहि देशमुखांच्याच कारकीर्दींत. वर्गाचें वजन व प्रदेशाचें वजन यांतील हा पेंच लेखिकेनें आणखी सोडवावयास हवा होता.

या ग्रंथानंतर काळ झपाट्यानें बदलला. कारखानदार व व्यापारी यांनीं खर्चाहून अधिक दर द्यावा आणि शेतकऱ्यानें कमी, या मेळावर आपलें वीजवितरण आजवर चाललें. त्यांत एक खोट होतीच: ज्या पंपाला मीटर नाहीं त्याच्या नांवावर वाटेल तेवढी गळती व चोरी खपवितां येते. नियामक आयोगापुढें हिशेब मांडण्याची वेळ आली तेव्हां पूर्वी सांगितलेली गळती फारच कमी होती हें मंडळास कबूल करावें लागलें. आतां तर तो कारखानदारच छपरावर सौरपट्ट्या बसवितो किंवा बाहेरून वीज विकत घेतो. भरणारा निघून गेला तर खेड्यांतील तारेचा खर्च कोणीं सोसावा?

सरकारचें उत्तर सूर्य हें आहे. २०१७ पासून सौर कृषी वाहिनी योजना आली. पुढें दहा टक्के (अनुसूचित जाती-जमातींस पांच टक्के) हिस्सा भरून सौरपंप मिळूं लागले. २०२४ पासून पांच वर्षांकरितां साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांस वीज मोफत झाली. रात्रीं-अपरात्रीं सापाविंचवाच्या भीतींत पाणी देणाऱ्यास दिवसा वीज मिळणें ही लहान गोष्ट नव्हे, आणि तिची थट्टा शहरांत बसून करूं नये. पण सूर्याचें बिल येत नाहीं, त्यामुळें कूपनलिकेला लगामहि नाहीं. २०१६ च्या एप्रिलांत ज्या लातुरास मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, तेथें उसासाठीं फुकट उपसा म्हणजे काय, हें निराळें सांगावयास नको. आणि ज्याच्या विहिरींत पाणीच नाहीं त्याला या मोफत विजेचा उपयोग काय? लाभ कोणत्या वर्गाच्या पदरीं पडला, हा लेखिकेचा मूळ प्रश्न अशा वेळीं पुन्हा विचारावा लागतो.

ग्रंथाची भाषा प्रबंधी वळणाची असली तरी दुर्बोध नाहीं. आमच्या महाविद्यालयांनीं तो अर्थशास्त्राच्या कपाटांत कोंडूं नये. इतिहासाच्या कपाटांत ठेवावा, तेथें तो अधिक वाचला जाईल.