नाक दाबलं की तोंड उघडतं?

'क्लाउड' हा शब्द मी दिवसातून वीसदा तरी वापरतो. ख्रिस मिलर यांचं 'चिप वॉर' (2022) वाचल्यापासून तो वापरताना जीभ अडखळते. आपला कोड ढगात नव्हे, बराचसा तैवानमध्ये बनलेल्या सिलिकॉनवर चालतो. आणि तैवान व चीन यांच्यातली सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जागी जेमतेम 130 किलोमीटर आहे.

मिलर इतिहासकार आहेत आणि गोष्ट रंगवून सांगतात. सोव्हिएत संघानं अमेरिकन चिप्स मिळवून त्यांची नक्कल करायचं धोरण ठेवलं. नमुना हाती आला, तो बनवण्याचं कसब आलं नाही. हे प्रकरण मला सर्वांत आवडलं. दुसरं 'एएसएमएल'चं. अत्याधुनिक चिप्स बनवायला लागणारं ईयूव्ही यंत्र ही एकच डच कंपनी बनवते. पण त्यातले आरसे आणि लेझर जर्मनीचे, प्रकाशस्रोताचं तंत्र कॅलिफोर्नियातलं.

इथेच माझं मिलर यांच्याशी बिनसतं. हे काम कुणाही एका देशाला एकट्यानं जमत नाही, असं त्यांचाच पुरावा सांगतो. तरी पुस्तक या गुंत्याकडे मुख्यतः वॉशिंग्टनच्या खिडकीतून पाहतं : कोणाचं नाक कुठे दाबता येईल?

पण उघडलेलं तोंड चावूही शकतं. 1941च्या उन्हाळ्यात अमेरिकेनं जपानचं तेल तोडलं. जपान चीनमधून मागे हटला नाही. साठे संपायच्या आत आग्नेय आशियातलं तेल बळकावायला तो निघाला, आणि डिसेंबरमध्ये पर्ल हार्बरवर बॉम्ब पडले. परावलंबन देशाला शांत ठेवतं, पण पुरवठा चालू राहील हा भरवसा असेपर्यंतच.

पुस्तक आलं त्याच महिन्यात, ऑक्टोबर 2022मध्ये, अमेरिकेनं प्रगत चिप्स आणि त्या बनवणारी यंत्रं चीनला विकण्यावर कडक निर्बंध घातले. पुढच्या वर्षी चीननं गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीला परवान्याची अट लावली. त्याच वर्षी हुआवेचा मेट 60 प्रो हा फोन चीनमध्येच बनलेली सात नॅनोमीटरची चिप घेऊन बाजारात आला. म्हणजे नाक दाबलं, तर समोरचा दुसऱ्या वाटेनं श्वास घ्यायला शिकतोय.

पुस्तक जरूर वाचा. ते मिटताना एक प्रश्न मात्र सोबत ठेवा. तैवानच्या चिप्सवर चीनचीही भिस्त आहे, हे आजवर युद्ध टळण्याचं एक कारण असेल, तर ती भिस्त संपवून आपण नक्की कोणाला सुरक्षित करतोय?